दोघांचं तिकीट, दोघांचं पाकीट

आज माइकसमोर आम्ही दोघं बसलो आहोत. बोलण्याचं काम घरच्या कारभारणीकडे आहे आणि कारभारी शेजारी बसून मान हलवतायत. कागद मात्र दोघांनी मिळून लिहिलाय, म्हणून आम्ही 'आम्ही' असंच म्हणणार.

भात झोडून, पोती घरात पडली की नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही जपानला निघतोय. ओकायामा नावाच्या एका शहरात आठ रात्री राहणार. गावात ही बातमी फुटल्यापासून ओट्यावर रोज कोणी ना कोणी येऊन विचारतं, "लॉटरी लागली का?" गटाच्या बैठकीत बायांनी विचारलं, "जमवलं कसं, ते सांगा की." म्हणून हे बोलणं. अजून आम्ही गेलेलो नाही, तेव्हा तिकडचं वर्णन करणार नाही. तयारी कशी केली आणि त्यात कुठं चुकलो, एवढंच सांगणार.

आधी हे सुचलं कसं ते ऐका. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघंच असे गेलो ते फक्त दवाखान्यात. जत्रा, लग्नं, देवदर्शन, सगळीकडे बरोबर गोतावळा. तीन वर्षांपूर्वी कारभाऱ्यांच्या पायाच्या बोटाला चिखलात काटा लागला. साखरेचा आजार जुना, त्यामुळे पायाला दुखलंच नाही आणि दुखलं नाही म्हणून कोणी पाहिलं नाही. जखम चिघळली. पुण्याला अठरा दिवस काढले आणि बोट थोडक्यात वाचलं.

पुढं तपासणीला गेलो असताना आमची भाची आम्हांला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन गेली. ती पुण्यात जपानी भाषा शिकलीय. तिनं सांगितलं, ह्या बागेला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात, आणि ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून ती केली आहे. मग म्हणाली, "मामी, त्या मूळ बागेत भाताची खाचरं आहेत. जूनमध्ये तिथं भातलावणीचा सोहळा असतो."

आम्ही भात लावणारी माणसं. राजाच्या बागेत भात? हे डोक्यातून जाईना. घरी येईपर्यंत एसटीत दोघंही गप्प होतो. घाट उतरल्यावर कारभारी म्हणाले, "बघायला पायजे." अशी सुरुवात झाली.

पहिली गोष्ट पैशांची, कारण तुम्ही सगळ्या तेच विचारता. कर्ज काढून जायचं नाही आणि गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. इंद्रायणी तांदूळ आम्ही पुण्यातल्या गिऱ्हाइकांना थेट देतो. त्यातले दर पोत्यामागं काही पैसे आणि वर्षाला दोन बोकडांचे पैसे, असं अडीच वर्षं वेगळ्या खात्यात टाकलं. घराची कौलं बदलायची आहेत. पोरगा म्हणाला, "आधी घर बघा." त्याचं चुकीचं नव्हतं. आम्ही दोन रात्री त्यावर बोललो. शेवटी असं ठरलं, की कौलांना पुढच्या वर्षीचा तांदूळ. पाय आज चालतोय, तो पाच वर्षांनी चालेल का हे कोणी सांगत नाही.

खर्चाचा कागद असा झाला. मुंबईहून मध्ये विमान बदलून ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळापर्यंत जाऊन येऊन, दोघांचे १ लाख १० हजार. राहायला रात्रीचे सुमारे १० हजार येन. आम्ही हिशेब मांडला तेव्हा १०० येनला साधारण ५८ रुपये पडत होते. म्हणजे आठ रात्रींचे ४६-४७ हजार रुपये. जेवणखाण २५ हजार. तिकडच्या रेल्वेचे ३५ हजार. विमा, व्हिसा, बूट, गरम कपडे मिळून २५ हजार. आणि ४० हजार वेगळे, ज्यांना आजारपणाशिवाय हात लावायचा नाही. सगळे मिळून २ लाख ८० हजारांच्या घरात. आकडा मोठा आहे, आम्हीही लपवत नाही. पण एका लग्नाच्या मांडव-जेवणाचा खर्च आठवा आणि मग बोला.

आता आमची पहिली चूक. आधी आम्ही एका प्रवास कंपनीकडे गेलो. त्यांनी सात दिवसांत नऊ शहरांचा कागद दिला. रोज पहाटे सहाला बस, रोज नवा मुक्काम. आम्ही भुलून पाच हजार आगाऊ भरले. घरी येऊन भाचीनं तो कागद वाचला आणि विचारलं, "मामांचा पाय कधी विश्रांती घेणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा कळलं, की आधी आपल्या माणसाला काय झेपतं ते लिहायचं आणि मग गावं निवडायची. आमचं सगळं बेत एका पायाभोवती बांधलं गेलं. म्हणून एकच शहर, एकच खोली, स्टेशनजवळ, लिफ्ट असलेली.

खोलीचीही एक गंमत ऐका. तिकडं 'डबल' म्हणजे एकच पलंग, तोही पुष्कळदा अरुंद. दोन वेगळे पलंग हवे असतील तर 'ट्विन' मागायचं. आम्ही ट्विन घेतली. कोणी हसू नका, घोरण्याचा प्रश्न आहे.

दुसरी चूक कागदांची, आणि ही बायांनी नीट ऐका. कारभाऱ्यांचा पासपोर्ट दीड महिन्यात आला. कारभारणीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पॅनवर त्याच नावाचं तिसरंच स्पेलिंग. तीन कागद, तीन बाया. आधी आधार दुरुस्त, मग पॅन, मग बँक, मग पासपोर्ट. चार महिने गेले. विमानाच्या तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षराला अक्षर जुळावं लागतं. तिकीट आधी काढलं असतं तर पैसे पाण्यात. परदेशी जायचं नसलं तरी तुमचे तीन कागद आजच शेजारी शेजारी ठेवून बघा. जमिनीच्या वाटणीला, विम्याला, पेन्शनीला हीच अडचण येते.

व्हिसासाठी जपानला तुमच्या बँकेचा उतारा, उत्पन्नाचा पुरावा आणि रोज कुठं असणार त्याचा दिवसवार तक्ता लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आम्ही कधी रिटर्न भरलंच नव्हतं. ते दोन वर्षं आधीपासून भरायला लागलो. बँकेच्या उताऱ्यानं मात्र कारभारणीची मान वर झाली. गटामुळं तिचं स्वतःच्या नावाचं खातं होतं, त्यात तांदळाचे पैसे सरळ जमा होत होते. व्हिसाच्या खिडकीवर 'पतीवर अवलंबून' असं लिहायची वेळ आली नाही.

हल्ली हा व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, फोनवर येतो. तिकडच्या विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून तो पडद्यावर दाखवावा लागतो. छापलेला कागद किंवा फोटो चालत नाही. म्हणून उतरल्या उतरल्या फोनला इंटरनेट हवं, ही सोय इथूनच करून ठेवली.

आता औषधं. हा आमच्या बेताचा गाभाच आहे. इन्सुलिन सामानाच्या मोठ्या पेटीत टाकायचं नाही, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. ते हातातल्या पिशवीत. स्वतःपुरतं महिनाभराचं औषध आणि सुया नेता येतात. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घेतली, तिच्यात औषधांची मूळ नावं लिहून घेतली. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. ह्या द्रव्यांवर जपानात कडक निर्बंध आहेत. आपण सहज पर्समध्ये टाकतो ती गोळीही डॉक्टरांना दाखवूनच घ्यायची.

तिकडचं घड्याळ आपल्यापुढं साडेतीन तास. म्हणजे आपल्याकडे सकाळचे नऊ तेव्हा तिथं साडेबारा. सुईची वेळ कशी सरकवायची, ते डॉक्टरांनी तक्ता करून दिलंय. साखर एकदम उतरली तर खायला ग्लुकोज दोघांच्याही खिशात. आणि रोज रात्री कारभाऱ्यांचे तळवे दिव्याखाली बघायचे. हे काम तीन वर्षं घरी चालू आहे, तिकडंही चुकणार नाही. बूट चार महिने आधी घेतले, बांधावरून आणि डांबरी रस्त्यावरून रोज घालून चाललो. नवे बूट घालून परदेशी जाणं म्हणजे फोड घेऊन येणं.

विम्याचं एक सांगतो. प्रवासाचा विमा काढला, पण आधीपासूनचा आजार पुष्कळ पॉलिसींत धरत नाहीत. बारीक अक्षरं भाचीकडून वाचून घेतली आणि ज्यात अशा आजाराची तातडी धरलीय ती पॉलिसी घेतली. थोडे पैसे जास्त गेले.

जेवणाचं काय? आमच्यात एक माळकरी, एक नाही. जपानात नुसता भात मागितला तर मिळेल, पण शेजारच्या वाटीतल्या पातळ सारात बहुधा माशाचा अर्क असतो. त्याला 'दाशी' म्हणतात. दिसताना भाजीचं सूप, आत मासा. म्हणून भाचीनं एका जाड पुठ्ठ्यावर जपानीत लिहून दिलंय, की ही बाई मांस, मासे, अंडी खात नाही, माशाचा अर्कही चालत नाही. दुसऱ्या पुठ्ठ्यावर, की ह्या गृहस्थांना साखरेचा आजार आहे, ते चक्कर येऊन पडले तर ११९ वर फोन करा. ११९ हा तिकडं रुग्णवाहिकेचा नंबर, पोलिसांचा ११०. दोन्ही पुठ्ठे दोघांच्याही गळ्यात.

रात्रंदिवस उघडी असणारी छोटी दुकानं असतात, त्यांना 'कोंबिनी' म्हणतात. तिथं भाताचे तिकोनी गोळे मिळतात, ओनिगिरी. आत खारवलेलं आंबट फळ असलेला गोळा माळकऱ्याच्या सोयीचा दिसतो, तरी पाकीट वाचून घ्यायचं. बाकी बांधून नेतोय जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, खाकरे. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. बियाणंही कागदपत्रांशिवाय चालत नाही. कारभाऱ्यांना मूठभर इंद्रायणीचं भात त्या बागेत न्यायचं होतं. ते राहिलं. पिकाचा रोग एका देशातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि शेतकऱ्यानं तरी तो मोडू नये.

आता शहराबद्दल थोडं. ओकायामा पश्चिम जपानात आहे. तिथं पाऊस कमी पडतो म्हणून 'स्वच्छ उन्हाचा प्रदेश' अशी त्याची ओळख. विमानतळापासून शिन-ओसाका स्टेशन साधारण पन्नास मिनिटं, तिथून शिंकान्सेन म्हणजे वेगवान रेल्वेनं आणखी तासाच्या आत. कोराकुएन बाग तिथल्या इकेदा घराण्यातल्या सरदारानं १६८७ साली सुरू केली, १७०० साली पुरी झाली. जपानच्या तीन नावाजलेल्या बागांत ती धरतात. नदीपलीकडे काळ्या रंगाचा किल्ला आहे. १९४५च्या बाँबहल्ल्यात तो जळाला, १९६६ साली पुन्हा उभा केला. बागेचं १९३४च्या पुरानं आणि मग युद्धानं नुकसान झालं, तेव्हा जुन्या चित्रांवरून ती होती तशी लावली. पूर येऊन गेलेलं खाचर पुन्हा नीट करायचं म्हणजे काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या भागात मोमोतारोची गोष्ट सांगतात. एक म्हातारा आणि एक म्हातारी. म्हातारा डोंगरात लाकडाला जातो, म्हातारी नदीवर धुणं धुवायला. नदीतून भलंमोठं पीचचं फळ वाहत येतं आणि त्यातून मुलगा निघतो. मोठा होऊन तो राक्षसांशी लढायला निघतो, तेव्हा म्हातारी त्याला गोळे करून देते. ते गोळे वाटून तो कुत्रा, माकड आणि रानपक्षी ह्यांना सोबती करतो. त्या गोळ्यांच्या नावाची 'किबिदांगो' ही मिठाई ओकायामात आजही विकतात. कारभाऱ्यांना एकच मिळणार, बाकीचा डबा नातवंडांना.

मोमोतारोला लोक शूर म्हणतात. आम्ही गोष्ट ऐकली तेव्हा आमचं लक्ष म्हाताऱ्या जोडप्याकडेच गेलं. रोज एक डोंगरात, एक नदीवर. आमचंही तेच. एक बांधावर, एक चुलीपाशी. बोलणं होतं ते खताचं, दुधाचं, पोरांचं. "तुला काय बघायचंय?" असं आम्ही एकमेकांना ह्या कागदाच्या निमित्तानं पहिल्यांदा विचारलं.

आणि उत्तरं जुळली नाहीत. कारभाऱ्यांना हिरोशिमा बघायचं होतं. ओकायामाहून शिंकान्सेननं पाऊण तास. ६ ऑगस्ट १९४५ला सकाळी सव्वाआठला जिथं अणुबाँब पडला, तिथं आता शांतीचं उद्यान आणि संग्रहालय आहे. कारभारणीचं म्हणणं, "एवढ्या लांब जाऊन रडायचं कशाला? मला बागेत नुसतं बसायचंय." ह्यावर आठवडाभर अबोला. खोटं कशाला बोला?

मग आम्ही एक कागद घेतला. मधोमध रेघ मारली. एका बाजूला एकीचं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं. प्रत्येकानं एक गोष्ट अशी लिहायची, की जी दुसऱ्याला आवडो न आवडो, त्यानं कुरकुर न करता बरोबर यायचं. त्यांचं हिरोशिमा, हिचा बागेतला अख्खा दिवस. बाकी सगळं दोघांच्या संमतीनं. तक्ता असा झाला. पहिला दिवस पोचण्यात. दुसरा बाग. तिसरा हिरोशिमा. चौथा पायाला विश्रांती. पाचवा कुराशिकी, हे जुन्या गोदामांचं आणि कालव्याचं गाव जवळच आहे. सहावा किल्ला. सातवा किबित्सु देवस्थान, तिथला चारेकशे मीटर लांबीचा लाकडी सज्जा बघायचा, जमेल तेवढाच चालून. आठवा कोरा. नववा परतीचा.

कान्साई विमानतळापासून हिरोशिमापर्यंत चालणारा पाच दिवसांचा एक रेल्वे पास परदेशी पाहुण्यांना मिळतो. लांबचा प्रवास पहिल्या पाच दिवसांत घातला तो त्यासाठीच. सगळ्या जपानचा मोठा पास फार महाग, एका शहरात राहणाऱ्याला तो परवडत नाही.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे प्रवासात पाकीट, तिकिटं, फोन, सगळं कारभाऱ्यांच्या खिशात असायचं. बाई मागून चालणार. एकदा मोठ्या स्टेशनवर आमची चुकामूक झाली होती. तिच्याकडे ना पैसा, ना फोन, ना मुक्कामाचा पत्ता. दोन तास ती एकाच बाकावर बसून होती. आता हिला जपानी येत नाही, इंग्रजी मोडकं. आणि चक्कर येऊन पडणार ते कारभारी. मग सगळं त्यांच्याच खिशात असून कसं चालेल?

म्हणून सगळं दोन. दोन फोन, दोघांच्या खिशात रोख येन, दोन प्रवासाची कार्डं, हॉटेलचा जपानीतला पत्ता दोघांकडे. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे. परदेशी माणसानं तिथं पासपोर्ट जवळ बाळगायचा असा कायदाच आहे. नकाशा फोनवर कसा बघायचा, हे कारभारणीनं पुण्यात शिकून घेतलं. भाचीनं परीक्षा घेतली. स्वारगेटला सोडलं आणि म्हणाली, "मामी, पुढं तुम्ही, मामा मागून. मामांनी तोंड उघडायचं नाही." दीड तास लागला, दोनदा चुकलो, पण उद्यानाच्या दारात बरोबर पोचलो. कारभारी वाटेत एकदाही बोलले नाहीत. हे त्यांना नकाशापेक्षा अवघड गेलं.

भाषा थोडी शिकतोय. 'सुमिमासेन' म्हणजे माफ करा, जरा ऐकता का. 'अरिगातो गोझाइमास' म्हणजे आभार. भाची सांगते, जपानी वाक्यात क्रियापद आपल्या मराठीसारखंच शेवटी येतं. ऐकून जरा धीर आला. बाकीच्या बारीक गोष्टी अशा, की गाडीत मोठ्यानं बोलायचं नाही, रांग मोडायची नाही, कचराकुंड्या रस्त्यात फार नसतात म्हणून आपला कचरा पिशवीत ठेवायचा. पुष्कळ ठिकाणी बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे फाटके नकोत.

भीती वाटते का, असं कालच एका मैत्रिणीनं विचारलं. वाटते. पायाची वाटते, विमानाची वाटते, आणि घरी म्हशीनं दूध चोरलं तर काय, ह्याचीही वाटते. सूनबाई म्हणाली, "आई, म्हैस मी बघते. तुम्ही मामंजींचा पाय बघा." त्या एका वाक्यावर आम्ही निघतोय.

तुम्हांला जपानलाच जायला पाहिजे असं नाही. कोल्हापूर असो, रायगड असो, नाहीतर तालुक्याचा बाजार असो. आज रात्री एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा आणि घरच्या माणसाला विचारा, "तुम्हांला काय बघायचंय?" त्यानं सांगितलं की आपलंही सांगा. आपलं सांगायला विसरू नका, बायांनो.

डिसेंबरात परत आलो की ह्याच वेळेला पुन्हा येऊ, आणि खाचरात काय दिसलं ते सांगू. तोवर नमस्कार.